भेटीचे कारण : ठाण्यातल्या एका मदत-राइडचं प्रकरण

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. तिथे पाहुण्यांसाठी नोंदवही ठेवलेली असते : तारीख, नाव, गाव, भेटीचे कारण, सही. २६ जानेवारी २०२३ च्या पानावर आमच्या मोटारसायकल ग्रुपच्या ४१ जणांची नावं आहेत. पहिल्याने कारणाच्या रकान्यात ‘समाजसेवा’ असं लिहिलं. खालच्या चाळीस जणांनी तिथे नुसत्या दोन-दोन रेघा ओढल्या, म्हणजे वरीलप्रमाणे.

मी या ग्रुपचा खजिनदार. निवडून वगैरे आलेलो नाही; एकदा टपरीवर चहाचे पैसे सगळ्यांकडून नीट गोळा केले, तेव्हापासून हे काम गळ्यात पडलं. पैशाची वही सांभाळणाऱ्याला एक खोड लागते. ‘वरीलप्रमाणे’ दिसलं की त्याखाली खरं काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्या चाळीस जोडरेघांचा मी पुढे दीड वर्ष पाठपुरावा केला. कोण का आलं, राइड नसती तर त्याने पैसे दिले असते का, आणि शाळेच्या पदरात काय पडलं, एवढंच विचारत राहिलो. ग्रुपचं, शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलं आहे. आकडे वहीतले आहेत.

सव्वीस जानेवारी

पहाटे साडेपाचला तलावपाळीवर, गडकरी रंगायतनसमोर जमलो. ३४ गाड्या. बहुतेक एनफिल्ड, चार-पाच पल्सर, एक ॲक्टिव्हा, एक स्प्लेंडर. हँडलला तिरंगी रिबिनी, अंगात सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. दप्तरं, वह्या आणि कंपासपेट्या भरलेला टेम्पो आधीच पुढे गेला होता. हे लक्षात ठेवा. शाळेला जे द्यायचं होतं ते सगळं एका टेम्पोत मावलं होतं आणि टेम्पोवर ड्रायव्हर एकटाच होता. त्याच्यामागून आम्ही ४१ माणसं मोकळ्या हातांनी पंचाहत्तर किलोमीटर चाललो होतो.

निघायच्या आधी कामं वाटली. लीड सगळ्यांत पुढे, त्याला कुणी ओव्हरटेक करायचं नाही. स्वीप सगळ्यांत मागे, त्याच्यामागे कुणी राहायचं नाही. दोन मार्शल कडेने मागेपुढे करत रांग सांभाळणार. माजिवडा, खारेगाव, मानकोली, रांजणोली, वडपे, पडघा, वाशिंद, आसनगाव, शहापूर, आणि पुढे खर्डीच्या अलीकडे आत वळण. माजिवडा ते वडपे हा सुमारे चोवीस किलोमीटरचा पट्टा रुंदीकरणामुळे खणलेला, त्यामुळे दर मैलाला नवं डायव्हर्जन. तरी आमच्यासारख्यांचा जीव याच रस्त्यावर. दुचाकीला सी-लिंक बंद, पुणे एक्सप्रेसवे बंद, समृद्धी बंद, पुढच्या वर्षी उघडलेला अटल सेतूही बंद. नाशिक रस्त्यावर मात्र आम्हाला कुणी अडवत नाही, आणि टोलही पडत नाही.

वाशिंदच्या अलीकडे घोटाळा झाला. मागच्यांना गाठू द्यावं म्हणून पुढच्या पाच-सहा गाड्या डाव्या कडेला हळू झाल्या. मधल्या एकाचं लक्ष मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मित्राकडे. टायरला टायर लागला आणि तो आडवा झाला. वेग वीस-पंचवीसचा असेल, डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून कॉलरबोनला तडा एवढ्यावर भागलं. दवाखाना आणि गॅरेज मिळून त्याचे ३१,००० रुपये गेले.

याचं खापर त्या मुलावर फोडणं सोपं होतं, आणि त्या दिवशी आम्ही ते फोडलंही. पण चूक रांगेच्या लांबीत होती. ताशी ६० ने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर कापते, आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर हे कमीत कमी. ३४ गाड्या एकामागे एक लावल्या तर किलोमीटरभर शेपूट होतं. एक डावीकडे, एक उजवीकडे अशी तिरकी मांडणी केली तरी अर्धा किलोमीटर. मागे काय चाललंय ते लीडला आरशात दिसत नाही, मग तो अंदाजाने हळू होतो आणि त्या एका अंदाजाचा धक्का शेवटपर्यंत वाढत जातो. सात-आठ गाड्यांच्या तुकड्या केल्या असत्या तर हे टळलं असतं. पण सात-आठ गाड्यांचा फोटो भरगच्च दिसत नाही. हे त्या वेळी कुणी बोललं नाही, मी आता बोलतोय.

शाळेत पोचलो तेव्हा झेंडावंदन होऊन गेलं होतं. पोरं ‘बुलेट, बुलेट’ करत फाटकापाशी आली. आम्ही ४७ दप्तरं नेली होती, कारण पट ४७ चा असं फोनवर कळलं होतं. रांगेत उभी राहिलेली पोरं मात्र २१.

“बाकीची भट्टीवर,” गुरुजी म्हणाले. त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पाड्यावर बरीच कातकरी घरं. दिवाळी झाली की ती वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब जातं, पोरं आणि कोंबड्यांसकट, आणि पाऊस लागायच्या आत परततं. ठाणे जिल्ह्यात हे नवं नाही. या मुलांसाठी भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवायचा प्रयोग ‘विधायक संसद’ या संस्थेने पूर्वी केलेला आहे. आम्हाला ठाण्यात राहून ते माहीत नव्हतं. आणि गंमत अशी की सकाळी भिवंडी बायपास सोडून पडघ्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भट्ट्यांचा धूर आम्ही पाहिला होता. एकाने गाडी कडेला घेऊन त्या धुरासमोर बुलेटचा फोटो काढला होता. ज्यांच्यासाठी दप्तरं नेत होतो त्यांतली काही पोरं कदाचित त्या फोटोच्या चौकटीबाहेर विटा थापत होती.

उरलेली २६ दप्तरं गुरुजींनी कपाटात ठेवली. कपाटात आधीचीही होती. ‘सव्वीस जानेवारीला नि पंधरा ऑगस्टला कुणी ना कुणी येतंच,’ असं ते म्हणाले, तक्रारीच्या सुरात नव्हे. मग नोंदवही पुढे केली आणि आम्ही ‘समाजसेवा’ लिहिलं.

वही

जमा : नोंदणी माणशी ७००, म्हणजे २८,७००. त्याशिवाय लोकांनी स्वतःहून, नातेवाइकांकडून, ऑफिसातून आणलेली वरची देणगी ४३,५००. एकूण ७२,२००.

खर्च : टी-शर्ट ११,४८०, नाश्ता ४,५१०, बॅनर आणि स्टिकर १,८५०, टेम्पो ४,५००. एकूण २२,३४०.

शाळेच्या वाट्याला आले ४९,८६०. पेट्रोल ज्याचं त्याने भरलं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, लिटरला त्या वेळी १०६ रुपयांच्या आसपास, म्हणजे गाडीमागे साडेचारशे धरा. ३४ गाड्यांचे १५,३००. त्यात खर्चाचे २२,३४० मिळवले की ३७,६४०. पडलेल्या गड्याचे ३१,००० आणखी वर. पन्नास हजारांची मदत पोचवायला आम्ही जवळपास सत्तर हजार जाळले होते.

हिशोब ग्रुपवर टाकला त्या रात्री चांगलीच जुंपली. एकाने लिहिलं, “पेट्रोल जाळून गरिबी हटाव.” दुसऱ्याने विचारलं, मग तू टी-शर्ट एक्सेल का मागितलास? खरा फटका वेगळ्याच बाजूने बसला. माझा एक मित्र सीए आहे. पैसे मी माझ्या स्वतःच्या यूपीआयवर घेतले हे कळल्यावर तो उखडला. गल्लीतल्या गणपती मंडळालासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क खाली परवानगी काढावी लागते, तू कोण लागून गेलास, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर देणग्या थेट एका नोंदणीकृत संस्थेकडे वळवल्या.

लोक टॅक्स वाचवायला देतात, असं एक मत ऐकू येतं. आमच्या प्रकरणात ते टिकत नाही. वस्तूंच्या रूपात दिलेल्या देणगीला आयकरातली ८०जी ची वजावट लागू होत नव्हती, दोन हजारांवरच्या रोख देणगीलाही नाही, आणि नव्या करपद्धतीत ही वजावटच नव्हती. ४१ पैकी एकानेही पावती मागितली नव्हती.

अठ्ठावन्न अंगठे

पुढच्या जानेवारीत, २०२४ मध्ये, आम्ही शहाणपणा करायचं ठरवलं. राइड नाही. टी-शर्ट नाही, पेट्रोल नाही, कुणाचं हाड मोडायला नको. मी मेसेज लिहिला : गेल्या वर्षीचे नोंदणीचे आणि पेट्रोलचे मिळून होतील तेवढे, साधारण ११०० रुपये, घरबसल्या संस्थेच्या खात्यात भरा, सगळेच्या सगळे शाळेला जातील. मेसेज मला स्वतःला फार आवडला होता. ५८ जणांनी अंगठा दाखवला. दोघांनी ‘खरी समाजसेवा’ असं लिहिलं.

पाच आठवड्यांनी संस्थेकडून यादी आली. नऊ नावं. सात जणांचे ११००, एकाचे १५००, एकाचे ३०००. एकूण १२,२०० रुपये.

राइडमध्ये आम्ही उधळपट्टी करून ४९,८६० पोचवले होते आणि काटकसर करून १२,२००. अर्थशास्त्र शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही. जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की देणारा माणूस नुसतं घेणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून देत नाही. दिल्याची जी ऊब त्याला स्वतःला मिळते तीही त्या पैशात तो घेत असतो. माझ्या मेसेजात ऊब नव्हती. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड होता.

तरी एक शंका इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती सोयीस्करपणे विसरली जाईल. २०२३ मध्ये ग्रुपवर यादी फिरत होती : अमुक १०००, तमुक १५००, प्रत्येक जण आपलं नाव खाली जोडून पुढे ढकलायचा. मंडळाच्या फळ्यावर वर्गणीदारांची नावं लिहितात तसंच. २०२४ मध्ये पैसे थेट संस्थेकडे गेले, त्यामुळे कुणी दिले आणि कुणी नाही हे कुणालाच दिसलं नाही. आकडा घसरला तो राइड नव्हती म्हणून की यादी नव्हती म्हणून, हे एवढ्यावरून सांगता येणार नाही.

विचारलं तर

त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मी जमेल तसं एकेकाला गाठलं. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर नोंदवहीतलंच आलं. चहाचा दुसरा कप आला की भाषा बदलायची.

बँकेतले एक अधिकारी आहेत, बावन्न वर्षांचे, क्लासिक ३५० वाले. हप्ता फिटून चार वर्षं झाली आणि गाडी सोसायटीच्या आवारात कव्हरखाली. “रविवारी फिरायला जातो म्हटलं तर घरात महाभारत. आईचा गुडघा, मुलीचा क्लास, बेसिनचा नळ, सगळं रविवारीच आठवतं. शाळेत वह्या द्यायला जातो म्हटलं तर बायको पहाटे उठून डबा देते. अरे खजिनदार, गाडी चालवायचं लायसन्स आरटीओ देतं, बाहेर पडायचं लायसन्स घर देतं.” त्यांनी २०२३ मध्ये नोंदणी सोडून ५००० दिले होते. २०२४ मध्ये काही नाही. का, असं विचारल्यावर प्रामाणिकपणे म्हणाले की घरून पैसे पाठवायचे म्हटल्यावर ते घरखर्चातले पैसे वाटायला लागले.

कळव्याच्या एक शिक्षिका ॲक्टिव्हावर येतात, मागे त्यांच्या आईला बसवून. सगळे त्यांना ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेही. “एकटीने खर्डीपर्यंत जायचं म्हटलं तर सासूबाईंपासून वॉचमनपर्यंत सगळे चौकशी करणार. गाडीला बॅनर लावला की एकालाही प्रश्न पडत नाही.” बँकवाल्यांचंच कारण, फक्त बाईच्या वाट्याला आल्यामुळे चौपट जड. दप्तरांचा घोळ झाल्यावर गुरुजींना परत फोन करणाऱ्या त्या एकट्याच. नक्की काय हवं, असं विचारलं तेव्हा यादी आली : व्हरांड्यात पाऊस आत येतो त्याला ताडपत्री, छत्र्या, चपला, वह्या. बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात, बाकीचं नाही. आणि शक्यतो जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. आणि रविवारी नको, कारण तुम्ही सुट्टीच्या दिवशी येता तेव्हा आम्हाला पोरं गोळा करून बसवावी लागतात. गुरुजींचं हे शेवटचं वाक्य ताईंनी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. त्याला एकही अंगठा आला नाही.

स्प्लेंडरवाला मुलगा चोवीस वर्षांचा, दिवसभर डिलिव्हरी करतो. नोंदणीच्या ७०० वर आणखी देणं त्याला जड होतं, म्हणून वरची देणगी त्याने २०० च दिली आणि टेम्पो भरण्या-उतरवण्याचं काम अंगावर घेतलं. रोज दीडशे किलोमीटर गाडी हाकणारा माणूस सुट्टी घालवून आणखी दीडशे का हाकतो, हे मला कळत नव्हतं. “दादा, कामावर मागे पडलो की रेटिंग पडतं. इथे मागे पडलो की कुणीतरी थांबतं.” नेहमीच्या ब्रेकफास्ट राइडला तो येत नाही. तिथे गाडी किती सीसीची आणि एक्झॉस्ट कुठला याच गप्पा. शाळेच्या राइडला मात्र मान गाडीवर ठरत नाही. दिलेल्या रकमेवर ठरतो असं मी म्हणणार होतो, पण त्याने २०० च दिले होते आणि मान त्याला होता, कारण खोकी त्याने उचलली होती.

आमचा रीलवाला. याच्याबद्दल माझं मत आधीच वाईट होतं. वाशिंदला शूटिंग करणारा हाच. फक्त व्हिडिओसाठी येतोस का, असं मी तिरसटपणे विचारलं. तो म्हणाला, हो. मग वही काढून पाहिलं तर त्याच्या व्हिडिओवरून त्याच्या मावस-चुलत भावंडांनी आणि कॉलेजच्या मित्रांनी मिळून ९,००० पाठवले होते. वरच्या देणगीतला जवळजवळ पाचवा हिस्सा. माझं मत अजून फार सुधारलेलं नाही, पण वहीने मला गप्प बसवलं.

आणि आमचा स्वीप. प्रत्येक राइडला तो मागेच असतो, पुढे ये म्हटलं तरी येत नाही. पाच वर्षांत त्याने कारण सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पडघ्याच्या टपरीवर त्याने सांगितलं की त्याचा मोठा भाऊ याच रस्त्यावर गेला, रात्री, एकटा. मागून येणाऱ्या कुणीतरी पाहिलं तेव्हा बराच वेळ झाला होता. एवढं बोलून तो चहाचे पैसे द्यायला उठला.

यातलं कुठलंही कारण ‘समाजसेवा’ या रकान्यात बसत नाही, आणि तरी ते लिहिताना कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. घर, ऑफिस, शेजार यांच्यासमोर ठेवता येईल असं एक कारण प्रत्येकाला लागतं, आणि शाळा ते पुरवते. ते कारण एकदा मिळालं की त्याच्या आडोशाला बाकीची सगळी सुखाने राहतात : मोकळा रस्ता, सोबत, मिरवणं, भावाची आठवण.

दुसरीकडचे दाखले

हे ठाण्यापुरतं नाही. सिडनीत २०१२ मध्ये मार्क हावा यांनी ‘डिस्टिंग्विश्ड जेंटलमन्स राइड’ सुरू केली. जुन्या धाटणीच्या गाड्या, अंगात कोट-टाय, आणि पैसे प्रोस्टेट कॅन्सर आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी. बाइकवाला म्हणजे गुंड ही प्रतिमा पुसायची हाही त्यामागचा हेतू होता. त्या प्रतिमेचा इतिहास जुना आहे. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलस्वारांच्या मेळाव्यात धुडगूस झाला, तो छापून आला आणि तेव्हापासून अमेरिकेतला बाइकवाला बदनाम झाला. आपल्याकडे ठाण्यात येऊरच्या चढावर रात्री फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरवाल्यांनी तेच काम चोख केलं आहे. तलावपाळीवर पहाटे ३४ गाड्या उभ्या दिसल्या की फिरायला आलेले आजोबा आधी कपाळाला आठ्या घालतात. ‘शाळेला मदत’ असा बॅनर वाचला की त्याच आठ्या उतरतात आणि एखादे आजोबा शंभराची नोट काढतात. त्या शंभरापेक्षा उतरलेल्या आठ्यांची आमच्या लोकांना जास्त भूक असते. पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी मोटारसायकलच का, हे मला आमचे बँकवाले पाहिल्यापासून विचारावं लागत नाही. समोरासमोर बसून हे लोक एक वाक्य बोलत नाहीत. शेजारी-शेजारी गाड्या चालवून आल्यावर टपरीवर बोलतात.

पण पेट्रोल जाळण्याचं काय? क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर यांचा २०१३ चा एक अभ्यास इथे कामाचा आहे. देणगीसाठी सहल आहे असं सांगण्यापेक्षा पाच मैल धावावं लागेल असं सांगितलं, तेव्हा लोकांनी जास्त रक्कम द्यायची तयारी दाखवली. कष्ट पडले की दान वाढतं, आणि दान ज्या कामासाठी आहे त्यात माणसांचं दुःख असेल तर विशेष. आपल्याला हे सांगायला संशोधक कशाला हवेत, असंही वाटतं. सोमवारी रात्री सिद्धिविनायकाला चालत निघालेल्याला कुणी म्हणत नाही की बाबा, लोकल पकड, वाचलेल्या वेळात ओव्हरटाइम कर आणि ते पैसे पेटीत टाक. रामनवमीच्या सुमारास आमच्याच नाशिक रस्त्याने शिर्डीच्या पायी पालख्या जातात. पुढे पताका, कडेने रांग सांभाळणारे, मागे पडलेल्यांसाठी टेम्पो. आमचे लीड, मार्शल आणि स्वीप म्हणजे त्याच मांडणीला पेट्रोल घातलेलं आहे.

मात्र या तुलनेत आमची बाजू लंगडी आहे. चालणाऱ्याच्या पायाला फोड येतात. एनफिल्डवर जानेवारीच्या थंडीत, मिसळ खाऊन, तिरंगी रिबीन लावून जाण्यात कष्ट कुठले? ती तर सहल. जानेवारी आम्ही निवडला तो हवा चांगली म्हणून. नेमक्या त्याच दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो.

जून

२२ जून २०२४, शनिवार. सकाळची शाळा. टी-शर्ट रद्द, बॅनर एकच, नोंदणी ५००, देणग्या थेट संस्थेकडे आणि या वेळी यादी ग्रुपवर, संस्थेकडून खात्री झाल्यावरच. गाड्या सातच्या वर एका तुकडीत नाहीत, म्हणजे तीन तुकड्या, प्रत्येकीला स्वतःचा लीड आणि स्वीप. १९ गाड्या, २२ माणसं. निम्मे गळाले. कुणाला शनिवारी रजा नव्हती, कुणाला भिजलेली गाडी धुवायचा कंटाळा. कॉलरबोनवाला आला. त्याला विचारलं, बाबा रे, तू का? म्हणाला, त्या दिवशी पट्टा बांधून मला घरी कुणी सोडलं होतं?

मानकोलीला सुरू झालेला पाऊस आसनगावपर्यंत हटला नाही. रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत, बुटात पाणी, हेल्मेटची काच पुसून पुसून बोटं आखडलेली. डायव्हर्जनच्या खड्ड्यात पाणी भरलं की त्याची खोली कळत नाही, म्हणून तीसच्या वर वेग नाही. पोचायला तीन तास लागले. वाटेत कुणी शूटिंग केलं नाही. रीलवाल्याचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता.

जमा ४७,४००, त्यात नोंदणीचे ११,००० आणि वरची देणगी ३६,४००. नाश्ता २,६४०, टेम्पो ५,०००. शाळेला ३९,७६०. जानेवारी २०२३ पेक्षा दहा हजारांनी कमी, पण निम्म्या माणसांनी. वरची देणगी माणशी हजाराच्या जरा वर होती, ती साडेसोळाशेवर गेली. कष्टाने दान वाढलं म्हणून मी पाठ थोपटून घेत होतो तेव्हा ताईंनी टोकलं : पावसात आणि रजा टाकून येणारे मुळातच जास्त देणारे असतील, त्यात पावसाचं काय कौतुक? बरोबर आहे. जे गळाले त्यांनी पावसात जास्त दिले असते का, हे आमच्या वहीतून निघणार नाही.

पट ४७ चा, हजर ४४. भट्टीवरून परतलेली पोरं मागच्या बाकांवर. दोघी बहिणींना गुरुजींनी कपाटातली दप्तरं आधीच काढून दिली होती, आमची २०२३ ची. ताडपत्री बांधायला गुरुजी, स्वीप आणि स्प्लेंडरवाला व्हरांड्याच्या खांबांवर चढले. बाकीचे आम्ही खालून सूचना देत होतो, ते काम आमच्या ग्रुपला चांगलं जमतं. बांधून होईपर्यंत सगळे पुन्हा भिजले. जानेवारीत भट्ट्यांवर चार-पाच जणांनीच जावं, गाड्या लांब लावून, असं तिथल्या तिथे ठरलं. त्या चौघा-पाचांत कोण, यावर ग्रुपवर अजून एकमत झालेलं नाही. फोटो काढायचे नाहीत म्हटल्यावर दोन नावं कमी झाली.

निघताना नोंदवही आली. या वेळी पहिली सही स्प्लेंडरवाल्याची होती. ‘भेटीचे कारण’ या रकान्यापाशी तो जरा थांबला, ओले हात पँटला पुसले आणि लिहिलं : ताडपत्री बांधणे व भिजणे. त्याच्याखाली एकवीस जोडरेघा आहेत. गुरुजींनी वाचलं, काही बोलले नाहीत, आणि पानावर शाळेचा शिक्का मारला.